मामांची बॅटरी खातं कोण?

मी लोणी देवकरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. अकरा वर्षं झाली. मशीन नुसतं खोकलं तरी मी सांगतो, सर्दी कुठं झालीय ते! एकदा अख्ख्या प्लांटमध्ये हवा कुठून गळतेय ते कुणाला सापडेना. साहेबांनी पुण्याहून माणूस बोलावला. तो बॅगेची चेन उघडेपर्यंत मी कान लावून पाइप शोधलासुद्धा! तेव्हा सासऱ्याच्या फोनची बॅटरी कशानं उतरते हे शोधणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

हे आधी सांगतोय, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या ज्ञानाचा काही दोष नव्हता. ज्ञान चोख होतं. ते मोठ्यानं वाचून दाखवायला नको होतं, एवढंच.

माझी सासुरवाडी कोऱ्हाळे बुद्रुकची. त्या रविवारी मी आणि बायको, स्वरूपा, लासुर्ण्याहून मोटरसायकलवर साडेदहालाच तिथं पोचलो. सासूबाईंनी, म्हणजे सारजामामींनी, चुलीवर मटण चढवलं होतं. वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. सासरे मोहनराव, माझे मामा, ओसरीवर बसले होते. हातात फोन, आणि तोंड असं, की पाटाचं पाणी शेजाऱ्यानं वळवून नेलंय!

"पाव्हणं, ह्यो बगा," मामा म्हणाले. "सकाळी शंभर टक्के भरलेला आसतो. बारा वाजायला मान टाकतो. दुपारी परत भरावा, तर रातच्याला परत मान टाकतो. आज तर पहाटंपास्नं लाईटच न्हाय, म्हणून भरलाच न्हाय."

"मान टाकतो म्हणं!" आतून मामींचा आवाज आला. "परवा ह्यांचा फोन लागंना. मी आख्ख्या उसात हाका मारत फिरले! मला वाटलं, हिरीत पडलं का काय! काळीज पाक पाणी पाणी झालं. आन हे आपलं खालच्या बांधावर बसून शेंगा फोडत्यात!"

"आता नवा फोन घ्यावा म्हणतो," मामा म्हणाले.

"अजिबात न्हाय!" मी बाह्या सरसावल्या. "मामा, फोन बिचारा गरीब असतो. आतलं एखादं अ‍ॅप गुपचूप बॅटरी खात असतं. पाच मिनिटं द्या. चोर धरून तुमच्यापुढं उभा करतो!"

मामांचा चेहरा जरा बदलला. "ऱ्हाऊ द्या वो पाव्हणं. आधी जेवून घ्या. बगू मग."

इथं मला कळायला हवं होतं. मशीनचा आवाज एवढासा बदलला तरी मला कळतं. माणसाचा बदललेला कळत नाही, असं स्वरूपा म्हणते. मी मामांच्या हातातून फोन घेतला.

सहा टक्के उरले होते. मी सेटिंग उघडलं, बॅटरी उघडली, आणि कोणत्या अ‍ॅपनं काल किती बॅटरी खाल्ली त्याची यादी समोर आली. ती मी कशी वाचावी? ग्रामपंचायतीचा निकाल वाचतात तशी!

"बातम्या, चार टक्के!"

"आयकत्यात थोड्या," मामी दारात येऊन म्हणाल्या.

"भजनं, नऊ टक्के!"

"ते चांगलंच हाय."

"नकाशा..." मी थांबलो. पुन्हा बघितलं. "नकाशा, एकसष्ट टक्के! तीन तास दहा मिनिटं! सापडला चोर!"

मी सगळ्यांकडं विजयानं बघितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"नकाशा?" मामींनी पदराला हात पुसले. "तो कशाला लागतो?"

"वाट शोधायला, मामी. नव्या ठिकाणी जाणारी माणसं वापरत्यात."

"नव्या ठिकाणी!" मामींनी मामांकडं बघितलं. "घर ते मळा, मळा ते घर. चाळीस वर्षं झाली. ह्यात वाट कसली शोधायची?"

"आपोआप चालू होत आसंल," मामा जमिनीकडं बघत म्हणाले. "वाऱ्यानं."

आता एखाद्या शहाण्या जावयानं म्हटलं असतं, व्हय मामी, होतं कधीकधी. पण माझ्या अंगात पुण्याहून आलेल्या माणसाला हरवणारा मेकॅनिक संचारला होता!

"छे छे! आपोआप कसं होईल?" मी म्हणालो. "हितं चक्क लिहिलंय, स्क्रीनवर उघडा होता म्हणून! म्हणजे माणूस हातात धरून बघत बसला असला पाहिजे. थांबा, आपण नकाशाच उघडू."

मामा ताडकन उठले. "पाव्हणं, द्या हिकडं!"

पण माझं बोट त्यांच्यापेक्षा चपळ. नकाशा उघडला, रस्ते उमटायला लागले, आणि मी वाचलं, "हे काय... इंदापूर..."

आणि फोननं मान टाकली.

ओसरीवर एवढी शांतता झाली की चुलीवरच्या मटणाचं रटरटणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. कारण मामी आत गेल्या आणि त्यांनी पातेलं चुलीवरून खाली उतरवलं!

"इंदापूर," त्या आतूनच म्हणाल्या. बस, एवढंच.

मी स्वरूपाला कोपऱ्यात घेतलं. "इंदापुरात काय हाय?"

"जयवंता," ती दातओठ खात कुजबुजली. वडलांना ती दादा म्हणते. ""आईच्या आधी दादा इंदापूरला मुलगी बघायला गेले होते. जयवंता नाव. जमलं नाही. पण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दादा जेवताना बोलून गेले, त्या स्थळाकडचे पोहे फक्कड होते!"

"मग?"

"मग काय! चाळीस वर्षं झाली, या घरात पोहे होत नाहीत."

मी मामांना गाठायला गोठ्याकडं पळालो. ते म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. म्हैस त्यांच्या बाजूची दिसत होती.

"मामा, मला खरं सांगा. मी सांभाळून घेतो."

"तुमी?" मामांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी कडब्याची पेंडी असतो तर पेटलो असतो. "तुमी लई सांभाळलंय पाव्हणं. आता काय सांभाळू नका."

"पण इंदापूरला तुमी..."

"मी न्हाय गेलो इंदापूरला! दहा वरसांत न्हाय गेलो!"

"मग मामींना तसं सांगा की!"

"ती इचारंल, मग नकाशात काय बगत व्हता? आन ते मला सांगता येत न्हाय. लाज वाटती."

लाज वाटती! अडुसष्ट वर्षांचा माणूस, आणि मी त्याच्या घरात काडी लावली होती. तीही पुरावा दाखवून!

परत आलो तर ओसरीवर मामी नाहीत. फोनही नाही. इतक्यात मागल्या अंगणातून ट्रॅक्टर धडधडायला लागला! पळत गेलो तर काय, सारजामामी ट्रॅक्टरच्या सीटवर बसल्या होत्या! डोक्यावर पदर, एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात मामांचा फोन, आणि फोनला लावलेली ट्रॅक्टरच्या चार्जरची वायर. शेजारी चावी फिरवून उतरलेली स्वरूपा.

"लाईट न्हाय म्हणून मी गप बसंन व्हय!" ट्रॅक्टरच्या आवाजावर मामी ओरडल्या. "भरू द्या! भरला की समद्यांसमोर उघडायचा!"

शेजारच्या रंगूबाई कुंपणावरून डोकावल्या. "सारजे, नांगरायला निघालीस का गं?"

"व्हय!" मामी म्हणाल्या. "चाळीस वरसांचं रान हाय. आज नांगरतेच!"

वीस मिनिटं. वीस मिनिटं त्या ट्रॅक्टरवरून उतरल्या नाहीत. रंगूबाईही हलल्या नाहीत. मामा गोठ्याच्या दारात, मी विहिरीच्या वाटेवर. गरज पडली तर सोयीचं म्हणून. शेवटी फोनचा दिवा लागला. ट्रॅक्टर बंद झाला. मामींनी फोन माझ्यापुढं धरला.

"उघडा पाव्हणं. तुमाला कळतं ना त्यातलं!"

मी नकाशा उघडला. इंदापूर तालुका दिसला. लासुर्णे दिसलं, लोणी देवकर दिसलं. मग नकाशा सरकला, बारामतीकडं आला, कोऱ्हाळ्यावर थांबला. आणि कोऱ्हाळ्यावर, अगदी या घरावर, एक छोटासा गोल फोटो होता. फेटा बांधलेला, मिशीला पीळ दिलेला, जरा जास्तच हसणारा एक माणूस.

तो मी होतो! लग्नातला!

"ह्यो तर आपला जावई!" मामी म्हणाल्या.

मामा हळूहळू पुढं आले. गुन्हा कबूल करायला येतात तसे.

"दोन वरसांमागं पाव्हण्यांची गाडी घसरली व्हती. उसाच्या ट्रॉलीला चुकवताना. हाताला पलिस्तर व्हतं. तवा मी म्हणलो, कंपनीत पोचला की रोज एक फोन करत जावा. तर पाव्हणं म्हणालं, फोन कशाला? हे घ्या! आन त्यांचा आन माझा, दोन्ही फोन घेऊन त्यांनी कायतरी दाबलं. म्हणालं, आता मी कुठं हाय ते तुमाला कायम दिसंल."

मला आठवलं. खरंच आठवलं! दवाखान्यातून आलो होतो, चार पाहुणे जमले होते, आणि मी ऐट दाखवायला ते केलं होतं. संध्याकाळपर्यंत विसरूनही गेलो होतो. दोन वर्षं माझाच फोन माझा पत्ता सांगत होता, आणि मेंटेनन्सवाल्याला पत्ता नाही!

"मग रोज सकाळी बगतो," मामा म्हणाले. "घरनं निघालं की ठिपका हलतो. कारखाना चालू असला की रस्त्याला ट्रॉल्याच ट्रॉल्या. कंपनीच्या दारात ठिपका गेला की मग मी मोटर चालू करायला उठतो. सांजच्याला परत तसंच. लासुर्ण्यात शिरला की मग भाकरी मोडतो."

मामी ट्रॅक्टरवरून उतरल्या. डोळ्यांना पदर लावला. "आन मला का न्हाय सांगितलं वो?"

"तू बी काळजी करत बसली आसतीस. आन पाव्हण्यांना कळलं तर म्हणतील, सासरा पाळत ठेवतोय. बरं दिसतं का ते?"

माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले. मी घरी पोचलो का हे बघत कुणीतरी बसलेलं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी वाकून मामांच्या पायाला हात लावला. रंगूबाईंनीही कुंपणापलीकडं नाक पुसलं. मामींनी पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं.

गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं!

पण मामांचं मन आता मोकळं झालं होतं, आणि मोकळ्या मनाच्या माणसाला थांबवणार कोण? ताटं वाढली, मी पहिला घास रश्श्यात बुडवला, आणि मामा मायेनं म्हणाले, "एकच ठिकाण हाय, तितं रोज माझा जीव खालीवर व्हतो. हायवेला लागलं की तुमचा ठिपका अर्धा तास हलतच न्हाय."

स्वरूपाचा हात वाढता वाढता थांबला. "अर्धा तास? रोज?"

"रोज. आधी वाटायचं, गाडी पंक्चर झाली. मग बारीक अक्षरात नाव दिसलं. हॉटेल राजलक्ष्मी, मिसळ आणि भजी."

सांगायला हवं, की मार्चमध्ये माझ्या रक्तात कोलेस्टेरॉल सापडलंय. डॉक्टरनं तेल, तळण, तर्री सगळं बंद केलंय. स्वरूपा रोज पहाटे उठून मला मुगाची धिरडी करून डबा देते. ती धिरडी गेटवरचा वॉचमन भिमा खातो. त्याची तब्येत फार सुधारलीय.

"मामा, नकाशा चुकतो कधीकधी..." मी म्हणालो.

स्वरूपानं माझ्यापुढची रश्श्याची वाटी उचलली, तिथं काकडी ठेवली, आणि मामांपुढं माझा आणि आपला, दोन्ही फोन धरले. "दादा, ते कसं दाबायचं, मला पण दाखवा."

मामांनी एका फटक्यात दाखवलं!

सोमवारी सकाळी मी हायवेला लागलो. राजलक्ष्मीची पाटी आली, तर्रीचा वास हेल्मेटच्या आत शिरला. मी मन घट्ट केलं आणि न थांबता पुढं निघालो. आयुष्यात एवढा मोठा त्याग मी केला नव्हता! दोन किलोमीटर गेलो असेन, तोच खिशात फोन वाजला. गाडी बाजूला घेतली. मामा होते. आवाज घाबरलेला.

"पाव्हणं, आज थांबला न्हाय! तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय, मामा."

"खरं सांगा. तुमी न थांबता गेलेलं दोन वरसांत बगितलं न्हाय मी. छातीत तर दुखत न्हाय? मी निगतो तिकडं, हितनं जीप बगतो!"

आता तुम्हीच सांगा, अडुसष्ट वर्षांच्या माणसाला असं घोर लावून बसवणं बरं दिसतं का? मी गाडी वळवली. राजलक्ष्मीपुढं उभी केली. मामांचा लगेच फोन आला, "हां, आता बरं वाटलं!" मीही म्हटलं, चला, वडीलधाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. मिसळ सांगितली, तर्री वेगळी. पहिला पाव मोडला, आणि फोन पुन्हा वाजला.

या वेळी स्वरूपा होती.