पुढच्या चिपची वाट पाहणारे मुळेकाका

फ्रीगंज बाजारातल्या दुकानात टीव्ही पसंत करून मी कार्ड पुढे केलं, तोच मागून एक हात आला आणि त्याने ते कार्ड हिसकावून घेतलं. मी किंचाळलेच. दुकानातला पोरगा काउंटरवरून उडी मारायच्या बेतात होता. वळून पाहते तर शेजारचे मुळेकाका! पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, डोळ्यांत संताप.

"मेधा, अभी मत लो!" ते भर दुकानात ओरडले. "नवी चिप येतेय. थांबून जा जरा!"

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "काकाजी, आप चाय पीजिए. बस, बोलिए मत."

तेव्हा मला कळलं की हे नेहमीचंच आहे. मुळेकाका वीज खात्यातून रिटायर झालेले. रोज संध्याकाळी ते या दुकानात येऊन सगळ्यात मोठ्या स्क्रीनसमोर उभे राहत आणि टीव्ही किंवा गेम खेळायचा कन्सोल घ्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला परत पाठवत. दुकानदार बिचारा त्यांना हाकलूही शकत नव्हता. त्याच्या घराची वायरिंग काकांनीच करून दिली होती.

नानाखेड्यात आमची घरं लागून आहेत, त्यामुळे परतीच्या रिक्षात मला संपूर्ण व्याख्यान मिळालं.

"हे बघ, एका वाटीत जाड सेव किती मावते आणि बारीक सेव किती?"

"बारीक जास्त."

"बस! चिपचं तेच. आतले स्विच जितके बारीक, तितके जास्त मावतात. वाटी तेवढीच. काम दुप्पट, ताप कमी. आधीचे कन्सोल एवढे तापायचे की पंखा गिरणीसारखा ओरडायचा. आता फोर-के झालं, म्हणजे साध्या एचडीच्या चौपट ठिपके. पुढे एट-के, त्याच्याही चौपट! गवताचं पातं न् पातं वेगळं दिसेल. आणि तू आज टीव्ही घेऊन राहिलीस? लाज वाटली पाहिजे."

मला खरंच लाज वाटली. म्हटलं, या माणसाच्या घरी काय यंत्रं असतील! दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले आणि दारातच थबकले. कोपऱ्यात ढेरीवाला जुना टीव्ही होता. त्यातल्या निवेदिकेचा चेहरा हिरवा. कन्सोल तर औषधालाही नव्हता.

"काका, हे काय?"

"मी थांबलोय ना," काका शांतपणे म्हणाले. "सिंहस्थाचा मेळा भरायच्या आत येऊन जाईल चांगली चिप."

आतून मालतीकाकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. "आमच्याकडे सगळं पुढच्या वर्षी असतं, मेधा. बर्फाचे डोंगर बघायला जायचं होतं मला. आधी म्हणाले रिटायर होऊ दे, मग म्हणाले रस्ता रुंद होऊ दे. रस्ता झाला, तर माझे गुडघे गेले."

काका हसले नाहीत. त्यांना वाटलं, काकू रस्त्याची तारीफ करताहेत.

नव्या चिपची बातमी आली की काका सकाळी मी डबा भरत असताना खिडकीशी हजर. "झाली जाहीर!" जणू नातू झाला. आणि तोच कन्सोल दुकानात आला की तोंड वाकडं. "हा तर जुना झाला. दुकानात आला म्हणजे कारखान्यात पुढचा तयार असणारच." या हिशोबाने जगातली कुठलीच वस्तू कधीच घेता येत नाही, हे मी सांगून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "बरोबर. आता तुला समजायला लागलं."

अशा माणसाच्या फाटकाशी एका सकाळी टेम्पो उभा राहिला.

त्यातून भिंतीएवढा टीव्ही उतरला. मागोमाग कन्सोल. तोही नवा नव्हे, मागच्या पिढीचा, दुकानात नमुन्याला लावलेला! समोरच्या जोशीबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातून चादर थेट रस्त्यावर पडली. मी धावत गेले.

"काका! सिंहस्थ?"

"घेऊन टाकला," ते म्हणाले आणि माझ्या तोंडावर दार लावलं.

थोड्या वेळाने दुकानदाराचा फोन. "दीदी, काकाजी की तबीयत तो ठीक है? आज उन्होंने चिप का नाम ही नहीं लिया. मेरा दिल बैठ गया."

दुपारी मी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. दार उघडंच होतं. भिंतभर बर्फाचे डोंगर, खाली हिरवं कुरण आणि त्यातून एक घोडेस्वार चाललेला. मुळेकाका दोन्ही हातांत कन्सोलचा रिमोट घट्ट धरून, जीभ बाहेर काढून घोडा हाकत होते. मालतीकाकू टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पण त्या समोर बघत नव्हत्या. मान एका बाजूला वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होत्या.

"त्या डोंगरावर चला," त्या म्हणाल्या.

"तिकडे शिपाई आहेत, मालती."

"मग पळा हो! पळा!"

काकांनी घोड्यासकट नदीत उडी घेतली. स्क्रीनवर कुठल्याशा राजाचा निरोप आला की राज्य धोक्यात आहे, ताबडतोब या.

"गेलं तर जाऊ दे राज्य," काकू म्हणाल्या. "ते पिवळं काय आहे, तिथे चला."

मी बघतच राहिले. काकूंनी माझी चाहूल ओळखली. "ये, मेधा. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग पुसला जातोय. कडेचं दिसतं अजून. जितकं मोठं आणि साफ, तितकं बरं."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. रोज कुंपणावरून बोलणारी ही बाई, आणि मला काही कळलं नव्हतं. काकांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"मेधा, चिप दरसाल सुधारते. डोळे सुधारत नाहीत. मी या दोन गोष्टी शेजारी ठेवून कधी बघितल्याच नाहीत गं."

मग रोज दुपारी शेजारून टापांचा आवाज येऊ लागला. दोघं त्या देशात पार फिरून आले. लढाई एकही केली नाही. काकांनी दुकानात जाणं सोडलं. दुकानदार म्हणाला, धंदा वाढला, पण करमत नाही.

पावसाळा गेला, हिवाळा आला. काकू आता कडेचंही फार बघू शकत नव्हत्या. चहाचा कप हात फिरवून शोधत.

त्या दिवशी मी गेले तेव्हा काका रंगात येऊन बोलत होते. "आता आपण दरीत उतरतोय. डावीकडे जांभळी फुलं, अशी गर्दी झालीय की पाय कुठे ठेवावा! ते बघ, हरीण. पाणी पितंय. आता मान वर केली."

मी स्क्रीनकडे पाहिलं आणि माझा विश्वास बसेना. तिथे ना दरी होती, ना फूल, ना हरीण. घोडा एका खडकाच्या बेचक्यात तोंड खुपसून अडकला होता. भिंतभर नुसता तपकिरी दगड. काका अंगठ्याने बटणं दाबत होते, घोडा हलत नव्हता आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. दुकानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या स्क्रीनवरचा एक मेलेला ठिपका शोधून काढणारा माणूस! एक ठिपका खोटा दिसला तरी ज्याचं जेवण उतरत नसे, तो डोळ्यांत पाणी आणून नसलेलं हरीण दाखवत होता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू उठल्या. "चहा ठेवते," म्हणत भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरात गेल्या. मी त्यांच्या मागे गेले. त्यांनी मला जवळ ओढलं.

"घोडा अडकलाय ना गं?"

मी वळून बाहेरच्या स्क्रीनकडे पाहिलं.

"टापा ऐकू येत नाहीयेत मला. बराच वेळ झाला." त्यांनी चाचपडत साखरेचा डबा काढला. "काही बोलू नकोस. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण इतकं सगळं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते."

बाहेरून काकांची हाक आली, "मालती, ये लवकर, ऊन पडतंय डोंगरावर!"

"आले, आले," काकू म्हणाल्या. चहा माझ्यावर सोपवून, एक हात भिंतीवर ठेवून त्या घाईघाईने बाहेर गेल्या.