स्वच्छताभूषण

वैद्यकीय महाविद्यालयाच्या जागृती सप्ताहात असं सिद्ध झालं, की रुग्णालयातच होणारा जंतुसंसर्ग कसा टाळावा हे तिथल्या झाडून सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. 'एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुणे' या विषयावर सर्वांत जोरदार भाषण ठोकणाऱ्या मुलाला 'स्वच्छताभूषण' ही पदवी मिळाली. हात धुण्याच्या औषधाची बाटली मात्र वॉर्डात मोठ्या सिस्टरांच्या कपाटात कुलूपबंद होती. वापरली की ती संपते, आणि संपली की चौकशी लागते. बाटली तपासणी समितीला दाखवायची असते, जंतूंना नाही.

त्याच वॉर्डात स्वच्छताभूषणाची सख्खी मावशी पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन पडली होती. आपला भाचाच इथे डॉक्टर होतोय, असं ती आल्यागेल्याला सांगत होती आणि अगदी निर्धास्त होती. उशाशी त्याची आई बसून असायची.

सकाळी सर राउंडला आले, मागे विद्यार्थ्यांचा घोळका. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं पिकलेलं गळू त्यांनी उघड्या हातानं दाबून दाखवलं, त्यावर सुरेख विवेचन केलं, आणि तोच हात मावशीच्या टाक्यांकडे वळला. स्वच्छताभूषणानं ते बघितलं. तोंडी परीक्षा जवळ आली होती आणि परीक्षक सरच होते. पण या मावशीनं त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तो पुढे सरकला.

"सर, हात..."

सरांनी वळून बघितलं.

"हात काय?"

"हात फार हलका आहे तुमचा, सर."

सर प्रसन्न झाले. मावशीही.

पुढे टाके चिघळले, ताप चढला, मावशीचा मुक्काम लांबला. महाविद्यालयानं याची गंभीर दखल घेतली आणि तिला तोंडी परीक्षेत 'केस' म्हणून ठेवलं. जंतू कुठून आला असेल, असं सरांनी विचारलं. स्वच्छताभूषणानं एक सोडून सगळ्या शक्यता घडाघडा सांगितल्या आणि तो पहिला आला.

घरी आईनं त्याला फैलावर घेतलं. एवढं कळत होतं तर माझ्या बहिणीसाठी तोंड का उघडलं नाहीस?

"तूही तिथेच होतीस ना, आई? गळू दाबताना बघितलंस की."

"बघितलं रे. पण एवढ्या मोठ्या डॉक्टरांना हात धुवा म्हणून कसं सांगायचं? वाईट दिसतं ते."

तुम्ही अर्थातच सांगितलं असतं. मागे तुमच्या घरचं माणूस ॲडमिट होतं, तेव्हा डॉक्टर खाटेपाशी येताच तुम्ही लगबगीनं उठलात आणि त्यांच्या हातांकडे न बघता विचारलंत, "डॉक्टर, काळजीचं काही नाही ना?"