काकूंनी पास केलेला बदल

ऑफिसात सगळे त्यांना काकू म्हणत, आणि वय बेचाळीसच असूनही काकूंना त्याचं काही वाटत नसे. संगणकाच्या अगदी पोटात चालणारा जो मूळ प्रोग्राम, म्हणजे कर्नल, त्यातला कुठलाही बदल काकूंच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. शिवाय त्यांचा स्वतःचा एक नियम होता. नुसता वाचून बदल पास करायचा नाही, आधी घरच्या मशीनवर दिवसभर चालवायचा. आपल्या घरात जे टिकलं नाही, ते लोकांच्या घरी कशाला पाठवायचं?

या वेळचा बदल टीममधल्या नव्या मुलीचा होता, आणि तो तिचा पहिलाच. मेमरीचा काही भाग फक्त वाचण्यासाठी राखायचा. तिथे कुणी लिहायला गेलं की कर्नलने मशीन जागच्या जागी थांबवायचं, अशी कल्पना. काकूंनी ओळ न् ओळ वाचली. खोट सापडली नाही. सकाळी आठला त्यांनी बदललेला कर्नल बाहेरच्या खोलीतल्या मशीनवर चढवला आणि स्वतः दार लावून आत ऑनलाइन मीटिंगांना बसल्या. संध्याकाळी पाचला नवी आवृत्ती सगळीकडे जायची होती.

ते बाहेरचं मशीन वापरायचे सासरे. घरातले जुने फोटो स्कॅन करण्याचं त्यांचं काम गेले दोन महिने चाललं होतं. काकूंनी त्यांना या तपासणीबद्दल अवाक्षरही सांगितलं नव्हतं, आणि तेही मुद्दाम. सांगितलं की माणूस जपून वापरतो, आणि जपून वापरलं तर ती तपासणी कसली?

तीन वाजता काकू बाहेर डोकावल्या. सासरे मजेत स्कॅन करत होते. मशीन ठीक चालतंय ना, असं विचारल्यावर ते जरा घाईनेच उत्तम, उत्तम म्हणाले आणि चहा टाकायला उठले. सासरे आपणहून चहा टाकतात म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे एरवी काकूंच्या लगेच लक्षात आलं असतं. पण त्या खुशीत होत्या. त्यांनी कर्नलवर काम करणाऱ्या चारशे जणांना कळवून टाकलं, बदल माझ्या घरी सात तास चालला, एकदाही अडखळला नाही, बिनधास्त घ्या. नव्या मुलीचं उत्तर आलं की तिला आनंदाने रडूच फुटलं.

चारला काकू मशीनवरची नोंद काढायला बसल्या आणि बघतात तर काय. मशीनवर जुनाच कर्नल होता. बदल सात तास चालला नव्हता. तो तिथे नव्हताच.

"बाबा, या मशीनला कुणी हात लावला?"

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग सगळं बाहेर आलं. सकाळी मशीन सारखं बंद पडत होतं. आपणच बिघडवलं असं वाटून त्यांनी ते चादरीत गुंडाळलं आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

"तो म्हणाला, आजोबा, यात कुणीतरी नसता उद्योग करून ठेवलाय. त्याने जुनं होतं तसं बसवून दिलं. माणूस हुशार आहे हो."

काकूंना हसावं की रडावं कळेना. गप्प बसलं असतं तर पाचपर्यंत कुणाला पत्ताही लागला नसता. पण उद्या दवाखान्यांतली, शाळांतली मशीनं धडाधड बंद पडली असती, आणि खापर फुटलं असतं त्या पोरीच्या डोक्यावर. काकूंना स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यांनी पुन्हा चारशे जणांना लिहिलं, माझी मान्यता मागे घेते, मी जे तपासलं म्हणाले ते तपासलंच नव्हतं. आवृत्ती एक दिवस पुढे गेली.

आता बंद का पडत होतं? सासरे वेधशाळेतून निवृत्त झालेले. नोंद ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी खालमानेने वही पुढे केली. नऊ बावन्न, रंगीत फोटो, मशीन बंद. दहा सात, काळा-पांढरा, चालू. दहा नऊ, पुन्हा रंगीत, बंद. अशा अकरा नोंदी. काकूंनी ते पान जसंच्या तसं नव्या मुलीला पाठवलं. स्कॅनरचा जुना प्रोग्राम रंगांचा तक्ता त्याच राखीव जागेत लिहीत होता. तिने ती ओळ वीस मिनिटांत शोधली आणि दुरुस्त केली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मशीनसमोरून न हलता तपासणी केली. सासऱ्यांनी चाळीस रंगीत फोटो स्कॅन केले, मशीन हूं की चूं करेना. बदल पास झाला. त्याच्याखाली दोष कळवणाऱ्याचं नाव घालतात, तिथे सासऱ्यांनी आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, घालून घेतलं.

आठवड्याभराने नव्या मुलीचा दुसरा बदल आला. सोबत काकूंना दोन ओळी होत्या. तुम्हाला सवडीने पाहता आलं तर पाहा, पण आजोबांना वेळ आहे का?

काकूंनी मुकाट्याने बाहेर जाऊन विचारलं. सासऱ्यांनी वहीचं नवं पान उघडलं.

"उद्या दहानंतर बघू. आणि तिला सांग, माझ्याकडे घाई चालत नाही."