रुमालाखालचा हात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार ज्या माणसाचे आहेत, त्यांचं नाव इब्राहिमचाचा. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ते चाळीस वर्षं म्हशींची दलाली करतात, आणि माणूस समोर आला की आधी त्याच्या पायांकडे बघतात.

"चाल बघावी," ते म्हणतात. "तोंड काय, कुनीबी धुऊन आनतं."

गावात नवा तलाठी आला तेव्हा सगळे त्याला हार घालत होते. चाचांनी मान तिरकी करून त्याला चावडीपर्यंत चालताना बघितलं आणि निकाल दिला, "डावा मागचा दुखावलाय." तलाठ्याला मागचे-पुढचे नसतात हे त्यांना कोणी सांगायला गेलं नाही, कारण त्याच्या डाव्या टाचेला खरंच कुरूप निघालं. दोन्ही मुलींची लग्नं ठरवताना त्यांनी पाहुण्यांना चहा नंतर दिला. आधी नवऱ्या मुलाला अंगणात दोन चकरा मारायला लावल्या. दोन्ही जावई चांगले निघाले, त्यामुळे त्या पद्धतीविरुद्ध बोलायची सोयच उरली नाही.

वय ते दातांवर मोजतात. मी बी.एड. होऊन पेढे घेऊन गेलो, तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "मास्तर झालास, चांगलं झालं. पन अजून दोन दातीच हायेस. समदे दात जुळायला टाईम लागंल."

आणि त्यांचा रुमाल! खांद्यावर लाल चौकड्यांचा, अंघोळीच्या पंच्याएवढा मोठा. बाजारात आकडा तोंडानं बोलायचा नाही, ही जुनी रीत. दलाल समोरच्याच्या हातावर रुमाल टाकतो आणि त्याखाली त्याची बोटं धरतो. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. वर दोघं ऊनपावसाच्या गप्पा मारत असतात, खाली म्हैस विकली जाते. चाचांच्या हाताला ही सवय इतकी लागली की ते टपरीवाल्याच्या हातावरही रुमाल टाकून तीन बोटं दाबतात. म्हणजे तीन चहा. डॉक्टरांनी विचारलं, "चाचा, गोळी दिवसातून किती वेळा घेता?" तर त्यांच्याही हातावर रुमाल.

या रुमालापायी मी एकदा चाचांशी पंधरा दिवस अबोला धरला होता. माझा दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात. आमचं घर त्यांच्याच गल्लीत, थोडी शेती, आणि गोठ्यात चंद्री नावाची एक म्हैस. मी बाहेरून आलो तर गोठ्यापाशी माझे वडील, म्हणजे दादा, आणि चाचा उभे. हातांवर रुमाल. दादांचं तोंड उतरलेलं, चाचा काहीतरी कांद्याच्या लागवडीबद्दल बोलतायत. मी काय समजायचं ते समजलो. सोळा वर्षांचा, दहावी पास झालेला मी चंद्रीच्या गळ्यात पडून रडलो.

चंद्री गेली नाही. सौदा फिसकटला असेल, असं मी धरून चाललो. चाचांनी कधी खुलासा केला नाही. "खोंड रुसलंय," एवढंच गल्लीत सांगायचे.

पुढे मी अकरावी-बारावी केली, नेवाशाच्या कॉलेजात बी.एस्सी., मग नगरला बी.एड. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिला. सावेडीतल्या एका शाळेत एक वर्षाच्या नेमणुकीवर लागलो तेव्हा दादांनी गल्लीत प्रत्येक दारात जाऊन सांगितलं.

पहिल्याच महिन्यात चाचा शाळा बघायला आले, हातात कांद्यांची पिशवी. फाटकातच मुख्याध्यापिका भेटल्या. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणतात. त्या आमच्याकडे चालत येत होत्या आणि चाचांची मान तिरकी व्हायला लागली.

"पाय सपाट पडतो," चाचा मला म्हणाले. त्यांचं हळू बोलणं बाजारात शिकलेलं, म्हणजे पन्नास फुटांवर ऐकू जाणारं. "शांत सोभाव. लाथ मारनार न्हाई."

"काय म्हणतायत आजोबा?" बाईंनी विचारलं.

"नमस्कार म्हणतायत," मी म्हणालो.

बाई लाथ मारणाऱ्या नव्हत्याच. पण दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी मला बोलावून घेतलं. "सर, तुमच्या गणिताच्या तासाला मुलं बोलत का नाहीत? सुट्टीनंतर मी वर्गात येऊन बसेन. तुमचं पुढच्या वर्षीचं त्यावरच ठरवावं लागेल."

त्यांचं म्हणणं खरं होतं. पाचवी ब मध्ये बेचाळीस मुलं. मधल्या सुट्टीत पत्रे उडतील असा दंगा; पण मी प्रश्न विचारला की बेचाळीस माना खाली. याचं कारण मला माहीत होतं, आणि ते मी बाईंना सांगितलं नाही. जुलैमध्ये श्रावणी नावाच्या मुलीनं मोठ्या उत्साहानं उभं राहून सात आठे चौपन्न सांगितलं होतं. वर्ग हसला. वर्गाबरोबर मीही हसलो. ती खाली बसली ती बसलीच, आणि तिच्यामागोमाग सगळा वर्ग बसला.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा हे मी चाचांना सांगितलं. बाजाराचा दिवस होता. चाचा नेहमीच्या कडुनिंबाखाली बसले होते. आजूबाजूला सौदे चालले होते, पण मोबाईलवर. नवे दलाल म्हशीचा फोटो पाठवत होते आणि आकडे ओरडून सांगत होते.

"फोटोत चाल दिसती का रं?" चाचांनी मला विचारलं. मग रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. "सकाळधरनं एक हात आला न्हाई ह्याच्याखाली. चाची हुती तवा घरी गेल्यावर तिच्या हातावर तरी टाकायचो. किती भाकरी, ते सांगायला."

त्यांनीच विषय बदलला. "तुझी पोरं मुकी न्हाईत, मास्तर. तू त्यान्ला चारचौघांत आकडा बोलायला लावतोस. आमी रुमाल कशापायी टाकतो?"

"भाव कोणाला कळू नये म्हणून."

"भाव संध्याकाळपातुर सगळ्या बाजाराला कळतोच की. आकडा चुकला तर त्यो फकस्त समूरच्या हाताला कळावा म्हनून टाकतो. मग सौदा मोडला तरी मानूस त्याच टपरीवर आपल्यासंगं च्या पितो. तू त्या पोरीला समद्या बाजारात हसलास."

कोणी रागावलं असतं तर मला बरं वाटलं असतं. चाचा रागावले नव्हते.

सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मी आधी श्रावणीची माफी मागितली, सगळ्या वर्गासमोर. मग सांगितलं, उद्या प्रत्येकानं हातरुमाल आणायचा. एका बाकावरच्या दोघांनी हातांवर रुमाल टाकायचा. मी फळ्यावर प्रश्न लिहीन. एकानं दुसऱ्याच्या बोटांवर उत्तर द्यायचं, आधी दशक, मग एकक. पटलं तर मान हलवायची. नाही पटलं तर परत धरायचं. तोंडानं फक्त ऊनपावसाच्या गप्पा.

दोन दिवस नुसते खिदळण्यात गेले. तिसऱ्या दिवशी मुलं गणितं करायला लागली.

बाई आल्या त्या दिवशी वर्गात अक्षरशः चिडीचूप होती. बेचाळीसपैकी एकेचाळीस मुलं हजर, वीस बाकांवर वीस रुमाल, आणि मधूनच कोणीतरी म्हणायचं, "काय ऊन पडलंय ना!" बाईंचा चेहरा बघून माझं सामान बांधायची वेळ आली असं मला वाटलं.

"सर, हे काय चाललंय?"

"गणित, बाई."

शेवटच्या बाकावर श्रावणी एकटी होती. तिची जोडीदारीण आली नव्हती. बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. श्रावणीनं अदबीनं त्यांच्या हातावर रुमाल पसरला. फळ्यावर नऊ साते होतं. बाईंनी बोटं धरली. श्रावणीनं मान हलवली नाही, ती हळूच म्हणाली, "मोठ्या बाई, परत एकदा."

बाईंनी पहिल्यांदा कोणता आकडा धरला होता, हे त्या दोघींशिवाय आजही कोणाला माहीत नाही. पण बाई हसायला लागल्या, आणि श्रावणीनं रुमाल बाजूला केला.

"सर, मोठ्यानं सांगू?"

"सांग."

"त्रेसष्ट!"

नंतर सगळ्या वर्गालाच मोठ्यानं सांगायचं होतं, आणि शेजारच्या वर्गाच्या बाई तक्रार करायला आल्या. मार्चमध्ये मला पुढच्या वर्षाचं पत्र मिळालं, वर सहावीचंही गणित दिलं.

दादांना फोन करून मी हे सगळं सांगितलं. ते खूप हसले.

"तुझा सौदाबी रुमालाखालीच झाला हुता," ते म्हणाले.

"कसला सौदा?"

"धाव्वीच्या टायमाला. मी तुला शुगर फॅक्टरीत चिकटवनार हुतो. इब्राहिमभाईनं गोठ्यापाशी माझा हात धरला. म्हनला, किती वर्सं शिकवनार, आकडा सांग. मी दोन बोटं दिली. त्यानं सगळा पंजा धरला, आन वर दोन. सात. लई येळ वढाताण केली मी. सोडलाच न्हाई त्यानं हात."

दोन वर्षं बारावीपर्यंत, तीन बी.एस्सी., दोन बी.एड. मी बोटांवर मोजलं.

"आणि दलाली काय घेतली?" मी विचारलं, कारण दलाली सोडणारा दलाल घोडेगावात झालेला नाही.

"म्हनला, पोरगं मास्तर झालं की आपल्या हातानं एक कागद लिहील मला. पोस्टमन माझ्या दारात कधी थांबत न्हाई. तेवढी दलाली. पन तुला सांगू नगं म्हनला, मागून घेतलेला कागद नको."

मी त्याच दिवशी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. चाचा चौथीपर्यंत शिकलेत, म्हणून अक्षर मोठं काढलं, फळ्यावर काढतो तसं.

"चाचांना सलाम.

हा कागद कोणी मागितलेला नाही. मी माझ्या मनानं लिहितोय.

पाचवी ब ची मुलं आता बोलतात. फार बोलतात. तुमच्या लाल रुमालाची गोष्ट त्यांनी माझ्याकडून पाच वेळा ऐकली आहे आणि त्यांना तो बघायचा आहे. जूनमध्ये शाळा उघडली की मी तुम्हाला न्यायला येईन. मोठ्या बाईंची चाल पुन्हा बघायची असेल तर बघा, पण मनात बघा.

दहावीच्या वेळी मी चंद्रीसाठी रडलो आणि तुमच्याशी बोललो नाही. त्या पंधरा दिवसांची माफी. गोठ्यापाशी काय विकलं जात होतं ते मला आज कळलं.

येत्या बाजाराला मी सकाळच्या एस.टी.नं येतोय. कडुनिंबाखाली रुमाल टाकून बसा. मला म्हैस घ्यायची नाही, विकायची नाही. पण त्या दिवशी पहिला हात माझा."