तोंड हुंगणारे रफिकचाचा

बैलाचं तोंड उघडलं की गिऱ्हाईक दात पाहतं. रफिकचाचा वास घेतात. नाक थेट जबड्याशी. "पोटात गडबड हाय. आज नोको घेऊ," एवढं सांगून चालू लागतात. ढाणकीच्या बाजारात या नाकाला मान आहे. मला मात्र त्याचा राग आहे, कारण ते बैलापाशी थांबत नाही.

माणूस बोलायला लागला की चाचा जरा पुढे झुकतात आणि सांगून मोकळे होतात. "मास्तर, जीभ घासत जा." "पाटील, रातच्याला कांदा कमी करा." वर पुन्हा, "तोंड खोटं बोलते, वास नाही बोलत."

मी बकऱ्या हाकता हाकता बैलांचा व्यापारी झालो, तो कुणावर विश्वास न टाकता. गेल्या हंगामात एका शेतकऱ्याशी सौदा जुळत आला होता. बैलांचा भाव आम्ही मोठ्यानं बोलत नाही. रुमालाखाली बोटं धरून ठरवतो. त्यामुळे दोघांची डोकी जवळ. तो सारखा मागे सरकत होता. मला वाटलं, भाव पाडतोय. तेवढ्यात चाचा मधे आले.

"बाबारावभाऊ, त्याले भावाचं काही नाही. तुमच्या तोंडाचा वास सोसून नाही राह्यला त्याले. दाताच्या डॉक्टरकडे जा."

सारा बाजार हसला. शेतकऱ्यानं रुमाल झटकला आणि पलीकडच्या व्यापाऱ्याची जोडी घेतली.

चाचा माझे शेजारी. दुसऱ्या दिवसापासून कुंपणावरून चौकशी सुरू: "गेलते का डॉक्टरकडे?" मी बडीशेप चघळली, लवंग धरली, पेरूचा पाला चावला. "वरून अत्तर लावून राह्यले तुम्ही. आतमधी पाहा ना!" एवढी कळकळ कुणाला फुकट असते? माझी खात्री झाली: एक तर त्या व्यापाऱ्यानं यांना फोडलंय, नाहीतर डॉक्टरकडून दलाली मिळते.

शेवटी उमरखेडला दाताच्या डॉक्टरकडे गेलो. खुर्चीत बसताच विचारलं, "रफिकचाचाला काय देता?"

"कोण रफिकचाचा? आ करा."

मागची दाढ सडली होती, हिरडीत पू होता. उपचार झाले, वास गेला. दलालीचा संशयही गेला. त्या व्यापाऱ्याचा उरला.

काही दिवसांनी सकाळी चाचा दारात उभे. माझा आवाज चढला, "आता काय? पुन्हा हुंगाले आले?"

"नाही. आज तुम्ही हुंगा."

मी मागे सरकलो. यात काही डाव असणार.

"पुसदले लेकीकडे जाऊन राह्यलो. मागच्या खेपेले नातीची पापी घ्याले गेलो, तं तिनं तोंड फिरवलं. लेकराले खोटं जमत नाही. लेक म्हणते, अब्बा, तसं काही नाही." ते गमछ्याचं टोक पिळत होते. "आपला वास आपल्याले येत नाही, भाऊ. चाची होती तवा ती सांगे. आता कोणाले विचारू? सारे गोड बोलतात. तुम्ही माह्यावर जळता. तुम्ही खरं सांगान."

त्यांनी डोळे मिटून आ केला. मी वाकलो.

"येते," मी म्हणालो.

त्यांचं तोंड पटकन मिटलं.

"लेकीकडे उद्या जा. आता गाडीवर बसा. डॉक्टर दुपारी दवाखाना बंद करते."

उमरखेडपर्यंत चाचा माझ्या मागे बसून बोलत होते, पण सारा रस्ता तोंड बाजूच्या वावरांकडे करून.