शंभराला जोडलेले स्पीकर

मशीन, वायर अन् भोंगा या विषयात माझ्या तोडीचा माणूस आख्ख्या वडीगोद्रीत न्हाई. (एक हाय, कल्याण मंडपवाला. पण तो त्या दिवशी जांब समर्थला मंडप टाकायला गेल्ता, म्हणून पहिला नंबर माझा.)

शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचं शिक्षण मी लोकांची फजिती करता करता घेतलं. कडूबाची बकरी हरवली तेव्हा देवळाच्या भोंग्यावरून तिला श्रद्धांजली मीच वाहिल्ती. बकरी कडूबाच्याच परसात पाला खात होती, पण अर्धं गाव तोंड पाडून त्याला भेटून आलं. कडूबा अजूनही माझ्याशी बोलायच्या आधी स्वतःच्या चपलेकडं बघतो.

पण माझं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हंजे मेव्हणा, जगन्नाथ. अंबडच्या कोर्टातून रिटायर झाला अन् त्याला भारी मशीनवर गाणं ऐकायचं येड लागलं. एके दिवशी तो टेम्पोतून कमरेइतके उंच दोन स्पीकर घेऊन आमच्या दारात. बैठकीत भिंतीला लागू न देता, हात-हात जागा सोडून, त्यानं ते असे उभे केले जसं काही मुलीकडचे पाव्हणे उभे केले.

कारण मोठं होतं. माझ्या सासूबाईच्या जात्यावरच्या ओव्यांची जुनी कॅसेट त्याला सापडली होती. शहरात नेऊन त्यानं ती साफ करून आणली होती. सासूबाईला जाऊन लई वर्षं झाली. तिचा आवाज माझ्या बायकोनं, सत्यशीलेनं, त्यानंतर ऐकलाच नव्हता.

"अक्का, रविवारी मी अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येतो," जगन्नाथ म्हणाला. "आई म्होरं बसून गाऊन राह्यली असं वाटन बघ. अन् स्पीकर मंग तुझ्याकडंच राहू दे."

सत्यशीलेनं पदराच्या टोकानं स्पीकरच्या डोक्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

मंग जगन्नाथ माझ्याकडं वळला. "दाजी, तुम्ही तेवढा हात लावू नका. हे स्पीकर चालवायला अवघड हायत. कोण्याही मशीनला पेलत न्हाईत."

"अवघड म्हंजे?"

"करंट लई ओढतात अन् आवाज कमी देतात."

"म्हंजे बिलकुल तुझ्यावर गेले. चहा रांजणभर अन् काम वाटीभर."

तो हसला. तो नेहमीच हसतो, हीच तर पंचाईत हाय. चिडला असता तर मी कधीच सोडून दिला असता.

आता तुम्हीच सांगा, 'हात लावू नका' असं मला सांगायचं असतं का? त्यात माझ्या मोबाईलमध्ये एक ऐवज होता. अंबडच्या एका लग्नात जेवण झाल्यावर जगन्नाथ खुर्चीतच झोपला होता अन् असा घोरत होता की बाजूच्या टेबलावरचे पापड थरथरत होते. ते घोरणं मी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. मी मनात म्हटलं, रविवारी त्याच्याच स्पीकरवर आधी त्याचंच घोरणं लावायचं. सगळे हसतील, मंग सासूबाई. मंगलाष्टकाच्या आधी बँड वाजतोच की!

आधी टीव्हीला जोडलेलं आमचं बारकं मशीन लावून बघितलं. बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. त्या एवढ्या मोठ्या स्पीकरातून जगन्नाथ मच्छरासारखा गुणगुणला. मशीन तव्यासारखं तापलं अन् आपोआप बंद पडलं.

"काय करून राह्यले?" सत्यशीला सैपाकघरातून ओरडली.

"धूळ पुसून राह्यलो!"

"तुम्ही? धूळ?"

(संशय बराबर होता. या घरात मी धूळ फक्त आणलेली हाय.)

मंग मी कल्याणच्या दुकानावर गेलो. गल्ल्यावर त्याची आई, दुर्गाबाई, बसली होती.

"मावशी, भजनाचं मोठं मशीन द्या."

"कल्याण येऊ द्या की, रामकिसनभाऊ. कुठं काय लावायचं ते तो सांगन."

"मावशी, मी या मशिनांमध्ये म्हातारा झालो."

"म्हणून तर म्हणून राह्यले," ती म्हणाली, पण मशीन दिलं. लोखंडाचं, करड्या रंगाचं, उचलताना कंबर बोलली.

त्याच्या पाठीमागं वायर लावायला ओळीनं जागा. चार, आठ, सोळा, सत्तर, शंभर. देवळाचा भोंगा कल्याण नेहमी शंभराला लावतो, हे मी स्वतः डोळ्यांनी पाह्यलेलं. अन् जगन्नाथच्या स्पीकरच्या पाठीवर नुसतं चार लिहिलेलं. मला दयाच आली. एवढं मोठं धूड, अन् कंपनीनं चारच मार्क दिले! मला शाळेत शंभर कधी मिळाले न्हाईत, मंग हातात असताना दुसऱ्याला का कमी द्यावेत? दोन्ही स्पीकर शंभराला जोडले. मशीनवर चादर टाकली अन् चादरीवर देव्हाऱ्यातलं फुलांचं ताट ठेवलं.

रविवारी जगन्नाथ अन् त्याची बायको शरयू आले. तो ओट्यावर चहा घेत बसला. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर अजून गाडीतच होता. आत सत्यशीला ठेवणीतलं लुगडं नेसून स्पीकरच्या म्होरं सतरंजीवर बसली होती. जरा आधीच. लग्नघरी जाणारं माणूस एसटी स्टँडवर जाऊन बसतं ना, तशी.

मी मोबाईल जोडला. मशीनमधून 'खर्र' असा आवाज आला. तिला वाटलं, झालं सुरू. तिनं डोक्यावरून पदर घेतला अन् मान खाली घातली.

ते मी पाह्यलं. खोटं कशाला बोलू, पाह्यलं. अन् तरी बोट पुढं गेलं. इतक्या वर्षांची सवय, बोटाला ब्रेक न्हाई.

जगन्नाथ एकदाच घोरला. भिंतीवरचं घड्याळ हललं, बाहेर कुत्रं उठून पळालं. मंग 'फट' झालं. लगेच दुसरं 'फट'. चादरीखालून धूर आला अन् देवाची फुलं वाकडी झाली. आख्ख्या बैठकीत जळक्या वायरीचा वास.

कोणीच हसलं न्हाई. सत्यशीलेनं पदर तसाच ठेवून वर बघितलं.

"आई कुठंय?" ती म्हणाली.

एखादी थट्टा सापडते का म्हणून मी खिसे चाचपले. (खिशात काय असणार, तंबाखूची डबी.)

जगन्नाथ आत आला. चादर उचलली, मागं वाकून बघितलं. "दाजी, शंभराला लावले?"

"भोंगा तर शंभरालाच असतो."

"भोंग्याच्या पोटात शंभराचा दाब झेलणारी वेगळी कॉइल असते. हे चारचे हायत. मशीन अन् स्पीकर, दोघं एकमेकाला मारून मेले." मंग त्यानं माझा मोबाईल उचलून बघितला अन् त्याला सगळं कळलं. "हे मी हाय का?"

"तूच."

मला वाटलं, आज तरी चिडन. तो नुसता म्हणाला, "लई दमलो होतो मी त्या दिवशी."

त्याचा अ‍ॅम्प्लिफायर गाडीतून उतरलाच न्हाई. कोणासाठी उतरवायचा? त्यानं स्वतःच्या मोबाईलवर आई लावली अन् अक्काच्या हातात दिली. आवाज बारीक, तिनं तो कानाला घट्ट धरला. आम्हाला फक्त जात्याची लांबून घरघर. मधीच ती हसली. मंग डोळे पुसले. मंग पुन्हा हसली.

"आईनं एका ओवीत तुमचं नाव घेतलंय, दाजी," जगन्नाथ म्हणाला.

माझ्या खोड्यांवर मनापासून हसणारी सासूबाई एकटीच होती. मी पुढं सरकलो. "काय म्हटलंय? मला बी ऐकू दे ना."

सत्यशीलेनं माझ्याकडं पाठ केली. आवाज तिच्या कानात, पाठ माझ्याकडं. मंग माझं तोंड सुरू झालं. गप्प बसणं शिकवायचे तो वर्ग सातवीच्या पुढं असावा.

"माझं एकट्याचं काय चुकलं?" मी म्हटलं. "एवढे दणकट म्हणून आणले अन् एका फटक्यात गेले! आता चुकीच्या मशीनला जोडलं म्हणता, पण मी म्हणतो, चुकीच्या मशीनला जोडल्यावर जगात कोण टिकन?"

सत्यशीलेनं मोबाईल कानावरून काढला न्हाई. मागं वळूनसुद्धा पाह्यलं न्हाई.

"मी टिकले की," ती म्हणाली.