मागची सीट रिकामी आहे

नाही म्हणायला अक्कल लागत नाही, असं गिरीश खांबेट्यांचं ठाम मत होतं. अक्कल लागते ती समोरच्याला पत्ता लागू न देता त्याचा बेत हाणून पाडायला, आणि ती आपल्याकडे घाऊक आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बायकोचा, सीमाचा, व्हीसीआर घ्यायचा बेत याच पद्धतीने त्यांनी सत्त्याऐंशी सालापर्यंत लांबवत आणला होता. मग लेकीचा मोटारसायकलचा बेत म्हणजे किस झाड की पत्ती!

बेत असा होता. नुकतीच कॉलेज संपवलेली सुलेखा शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून आपल्या जुन्या मोटारसायकलवर निघणार, मेक्सिकोभर हिंडणार, पुढच्या देशांत लढाया चालू होत्या म्हणून तेवढा टप्पा गाडीसकट विमानाने ओलांडणार, इक्वेडोरला उतरणार आणि तिथून पेरूमधल्या लिमापर्यंत जाणार. तेही एकटी. हायस्कुलात शिकलेली स्पॅनिश आणि गॅरेजमध्ये स्वतः खोलून परत जोडलेलं इंजिन, एवढ्या भांडवलावर!

"पण एकटी का?" गिरीशनी विचारलं.

"बाबा, आय वाँट टु सी हू आय अ‍ॅम. म्हणजे, जेवलीस का असं विचारायला कोणी नसेल तेव्हा."

"मग? जेवली नाहीस का?"

सुलेखाने हवेत हात उडवले आणि ती गॅरेजमध्ये निघून गेली.

गिरीश स्वतः आयुष्यात एकदाच मोटारसायकलवर बसले होते. सांगलीला, एका मित्राच्या मागे. ती सफर उसाच्या फडात संपली. तेव्हापासून 'माझ्या घरातलं कोणी त्या वाहनावर बसणार नाही' हा घरचा कायदा होता. सुलेखाने स्वतःच्या कमाईतून गाडी आणली तेव्हा त्यात 'माझ्यासमोर' एवढा शब्द घालून घ्यावा लागला.

"तुम्ही सरळ नाही का म्हणत नाही?" सीमाने विचारलं.

"मी कशाला वाईट होऊ? आपली माणसं म्हणतील की."

शनिवारी त्यांनी मराठी मंडळातल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. आपण बातमी सांगायची, सगळ्यांनी 'अगं बाई' करून छातीवर हात ठेवायचे, मालिनीकाकूंनी रडायचं (त्या हवामानाच्या बातम्या ऐकतानाही रडत), आणि या भडिमारापुढे सुलेखाने हात टेकायचे, असा एकूण नकाशा होता. बेसमेंट माणसांनी भरलं. श्रीखंडाचं पातेलं रिकामं झाल्यावर गिरीश उभे राहिले.

"आमची सुलू मोटारसायकलवरून दक्षिण अमेरिकेत चालली आहे," ते जड आवाजात म्हणाले. "एकटी."

मालिनीकाकूंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"एकटी?"

"एकटीच."

"म्हणजे गाडीवर मागे कोणी नाही?"

"कोण्णी नाही!" गिरीश जवळजवळ आनंदाने म्हणाले.

"म्हणजे मागची सीट रिकामी आहे," मालिनीकाकू म्हणाल्या. "मग आमच्या शैलासाठी एवढी एक वस्तू नेशील का गं?"

तिथे खांबेट्यांचा किल्ला ढासळला. घर सोडून सातासमुद्रापार आलेल्या आपल्या माणसांचा एकच धर्म असतो. कोणी कुठेही निघालं की त्याच्या हाती काहीतरी पाठवायचं. उद्या कोणी थेट स्वर्गाला निघालं, तरी 'आमच्या अण्णांना एवढी सुपारी द्याल का' असं विचारायला आम्ही चुकणार नाही.

शैला ही मालिनीकाकूंची धाकटी बहीण. नवरा बटाट्यावर संशोधन करणारा, म्हणून बिचारी इक्वेडोरमधल्या क्विटोला जाऊन पडलेली. ते गाव डोंगरात इतकं उंच की साध्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, आणि कुकरची रबरी रिंग गेलेली.

"तिकडे आपल्या कुकरची रिंग मिळत नाही हो. पोस्टाने पाठवली ती पोचली नाही," काकूंनी डोळे पुसले. "दोन वर्षं झाली, पोर कच्ची डाळ चावतेय."

मग मंडळाचे अध्यक्ष हेमचंद्रराव यांना आठवलं, की त्यांचे मित्र एकनाथराव मेक्सिकोत मक्यावर काम करतात आणि त्यांना चकली हा प्राणापलीकडे प्रिय पदार्थ आहे.

"अहो, पण धोका केवढा आहे!" गिरीश कळवळून म्हणाले.

"आहेच. म्हणूनच चकल्या डब्यात भरा. पिशवीत भुगा होईल."

गिरीशनी शेवटच्या आशेने लेकीकडे बघितलं. निदान ती तरी वैतागेल! तिने खिशातून टेप काढला होता आणि ती चकलीच्या डब्याचं माप घेत होती.

"काकू, रिंग फॉर शुअर. चकली ओन्ली धिस मच. लोणचं नो वे, सांडतं."

निघण्याच्या सकाळी सीमाने ओवाळलं. हेल्मेट आधीच चढलेलं असल्यामुळे कुंकू हेल्मेटला लागलं. गाडी वळणाआड गेली, तरी गिरीश दारात उभेच होते.

पहिला फोन मेक्सिकोहून आला, पण सुलेखाचा नाही.

"खांबेटे का? आपली ओळख नाही, मी एकनाथ. तुमची मुलगी आत्ताच जेवून गेली."

"बरी आहे ना?"

"बरी? अहो, भर पावसात घाटात गाडीची चेन तुटली, तिथेच बसून जोडली तिने. ट्रकवाले थांबून बघत होते. गाडी सुरू झाली तेव्हा टाळ्या वाजवल्या म्हणे त्यांनी. तिने नाही सांगितलं हो, तिला वाट दाखवत आलेल्या ट्रकवाल्याने सांगितलं. चकल्या अखंड आहेत."

गिरीशनी फोन ठेवला आणि ते खुर्चीत बसले. जी मुलगी बर्फातून शाळेच्या बसपर्यंत जायला कुरकुरायची, ती ही? दुसऱ्या दिवशी शिकागोच्या आगगाडीत त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला ती चेनची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं नव्हतं. आठवड्याभरात डब्यातल्या सगळ्यांना ती पाठ झाली.

मग क्विटोहून शैलाचा फोन आला.

"भाऊजी, काही बोलू नका. नुसतं ऐका."

गिरीशनी कान लावला. अँडीज पर्वताच्या कुशीतून, सगळा मेक्सिको ओलांडून, कुकरची खणखणीत शिट्टी त्यांच्या कानात वाजली. मग दुसरी. मग शैलाचं हुंदके देत हसणं.

"नदी ओलांडताना एक बॅग वाहून गेली तिची. म्हटलं, गेली रिंग! तर पोरीने जॅकेटची चेन खाली ओढली. रिंग गळ्यात घातली होती हो, हारासारखी."

आपण या मुलीला थांबवायला निघालो होतो? सीमाने त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला.

आणि त्यानंतर फोन थांबले. क्विटोच्या पुढे आपलं कोणी नव्हतं! गिरीशनी हेमचंद्ररावांचं डोकं खाल्लं, "लिमाकडे कोणीतरी असेल हो! मक्याचा, बटाट्याचा, रताळ्याचा चालेल!" पण नव्हतंच. रोज घरी आले की ते आधी फोन उचलून चालू आहे ना ते बघत, आणि मग बूट काढत. सीमानेही आमटीत दोनदा मीठ घातलं.

शेवटी एका रविवारी फोन वाजला.

"बाबा, मी पेरूत आहे," सुलेखाचा आवाज लांबून येत होता. "एका साइडला समुद्र, दुसऱ्या साइडला वाळूच वाळू. काल होल डे कोणी भेटलं नाही. गाडी बंद केली ना, की ओन्ली वारा. इट्स सो बिग, बाबा."

'जेवलीस का' हे शब्द गिरीशच्या जिभेवर आले होते. ते त्यांनी मोठ्या कष्टाने गिळले.

"मग, भेटली का ती?"

"कोण?"

"तू. तुलाच बघायला गेली होतीस ना?"



"येस, बाबा. शी इज ओके." मग थोड्या वेळाने, "अँड व्हेरी हंग्री."

सुलेखा मायामीपर्यंत विमानाने आणि तिथून गाडीवर घरी आली, ती काळी ठिक्कर पडून, आणि अर्थातच परतीची पार्सलं घेऊन. मालिनीकाकूंसाठी शैलाने लोकरीची जाडजूड शाल दिली होती.

"मी देऊन येते," सुलेखा म्हणाली.

"शाल धरायला कोणीतरी हवं," सीमा म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे बघितलं. "बसा. मागची सीट रिकामी आहे."

घरचा कायदा गिरीशना आठवला. पण तो ऐकवायला तोंड कुठे उरलं होतं? त्यांनी निमूटपणे हेल्मेट चढवलं, शाल छातीशी धरली आणि रामरक्षा सुरू केली. पहिल्या वळणावर ती अर्ध्यात तुटली. दुसऱ्या वळणानंतर त्यांनी एक डोळा उघडला. दोन्ही बाजूंनी मक्याची शेतं पळत होती, वर केवढं तरी आभाळ होतं, आणि पुढे त्यांच्या लेकीची ताठ पाठ. या पाठीमागे बसून माणूस पेरूला जाऊ शकतो, असं त्यांना क्षणभर खरंच वाटलं.

मालिनीकाकूंनी दार उघडलं, सुलेखाला मिठीत घेतलं आणि ठरल्याप्रमाणे त्या रडल्या. मग त्यांचं लक्ष मागे गेलं. शाल कवटाळलेली, कमरेत वाकलेली, हेल्मेटातली एक मूर्ती उभी होती. गिरीशना हेल्मेटचा पट्टा सोडवता येत नव्हता आणि आवाजही फुटत नव्हता.

"हा कोण गं? तिकडून आलाय का?" काकूंनी त्या पाहुण्याला हात जोडले. "किती दमलाय बिचारा. जेवणार का, विचार ना त्याला त्याच्या भाषेत."

सुलेखाने बाबांकडे बघितलं आणि चेहरा जराही न हलवता फडाफडा स्पॅनिशमध्ये विचारलं.

गिरीशना त्यातला एक शब्द कळला नाही. पण प्रश्न ओळखीचा होता. त्यांनी हेल्मेटसकट मान डोलावली.